काकींचा फ्लॅट आणि एजंटची पस्तीस मिनिटं

काकींचं म्हणणं असं, की उरणात सध्या दोनच धंदे तेजीत आहेत. एक कंटेनर हलवायचा, दुसरा फ्लॅट दाखवायचा. पैकी दुसऱ्याला ट्रेलर लागत नाही, मोबाइल असला की पुरे.

केगावात आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये मेंदीचं कुंपण आहे. ते छाटायचं काम दोन्ही घरं एकमेकांवर ढकलतात, म्हणून ते कायम गळ्यापर्यंत वाढलेलं असतं आणि बोलणाऱ्यांचे फक्त चेहरे दिसतात. काकी पलीकडे जवळा वाळत घालत होत्या आणि मी माझ्या भाच्याची गोष्ट काढली. फोर्टात नोकरी, गोरेगावला तिघांत मिळून एक खोली, आणि आता कुणीतरी कानात भरवलंय की उरणला जा, निम्म्या भाड्यात वन बीएचके.

"कोणी भरवलं?"

"एजंटने. द्रोणागिरीत फ्लॅट आहे म्हणे. मुंबई पस्तीस मिनिटांवर."

काकींनी सुपातला जवळा एकदा झटकला. "पस्तीस मिन्टांत नेरूळ येतं गो बाय. मुंबय नाय."

हे अगदी खरं, आणि एवढं एकच वाक्य भाड्याचं घर शोधणाऱ्याने पाठ केलं तरी बरंच निभावेल. उरणला लोकल आली ती 12 जानेवारी 2024 ला. त्याआधी 2018 पासून गाडी खारकोपरपर्यंत येऊन थांबायची आणि उरणकर पेपरात तिचे फोटो बघायचे. ज्या दिवशी खारकोपर-उरण सुरू झाली त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला, आणि त्या एका दिवसात उरणच्या भाड्यांना पंख फुटले. पण ही गाडी जाते नेरूळला नाहीतर बेलापूरला. तिथे उतरायचं, पूल चढायचा, हार्बरची गाडी धरायची, आणि मग सीएसएमटी आणखी तासाभरावर. मधली गाडी चुकली तर प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्याशी ओळख वाढते. घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत दोन तास धरावेत, रिक्षा वेळेवर मिळाली तर.

"मग अटल सेतू आहे ना?" मी मुद्दाम विचारलं. काकींना डिवचलं की त्या रंगात येतात.

"कोणासाठी? तुझ्या भाच्याकडं गाडी हाय?"

"बाइक आहे."

"बाइकला बंदी तिथं. रिक्षालाही. चारचाकीला अडीचशे रुपये टोल, एका बाजूचा. रोज जायला-यायला टोल भरल तर भाडं कसं भरल?"

एजंट लोक जाहिरातीत सेतू घालतातच. शिवडी ते न्हावा शेवा, जवळपास बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. आकडा छान दिसतो. पण फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या दहा जणांत रोज मोटारीने मुंबईला जाणारा कितवा असणार? ज्याला तो टोल परवडतो तो द्रोणागिरीत वन बीएचके शोधत फिरत नाही. आता ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून जाहिरातीत विमानही आलंय. भाच्याला फोर्टात जायचंय, विमानाचा त्याला काय उपयोग, हे एजंटला विचारावं लागतं.

काकींच्या हिशेबात मुंबई वेगळ्याच वाटेने येते. मोरा बंदर, लाँच, भाऊचा धक्का. त्यांच्या सासूबाई त्याच लाँचने टोपली घेऊन जायच्या. आजही फोर्टात किंवा मस्जिदला कामाला असणारे जुने उरणकर लाँचच धरतात. समुद्रातून तास-पाऊण तास, पुढे धक्क्यावरून बस नाहीतर डॉकयार्ड रोड स्टेशन. वारा खात, गर्दीत चेंगरल्याशिवाय. मी म्हटलं, हे तर गाडीपेक्षा बरं.

"बरं हाय. पण पंचांग बघून जावं लागतं."

मला वाटलं मुहूर्ताचं म्हणतायत. त्यांनी कपाळावर हात मारला.

"पुनवेला नि अवसेला भरती कधी येते? दुपारी बाराच्या पुढं. मंग ओहोटी कधी? सकाळी सहा-सातला, नि संध्याकाळी पुन्हा तशीच. तुझ्या भाच्याची जायची वेळ तीच, नि यायची वेळ तीच. मोऱ्याला गाळ किती हाय माहीत नाय का? पाणी खोल गेलं की लाँच धक्क्याला लागत नाय. माणसं धक्क्यावर, लाँच पाण्यात, एकमेकांकडं बघत बसतात."

मोऱ्याचा गाळ काढण्याच्या बातम्या वाचून आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. गाळ काढतात, तो परत येतो. पावसाळ्यात वारा सुटून तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंदच. मांडव्याच्या बोटींसारखी इथे सरसकट सुट्टी नसते, पण आज आहे की नाही हे सकाळी बंदरावर फोन करून विचारायचं. एजंटकडे रेल्वेचं वेळापत्रक असतं, भरती-ओहोटीचं नसतं. भाडेकरूला दोन्ही लागतात.

मग उरणला भाड्याने राहायचं तरी कोणी? माझं मत विचाराल तर ज्याची नोकरी बेलापूर, नेरूळ, सीवूड्स, वाशीत आहे त्याने डोळे झाकून. त्याला ही लोकल खरोखर सोन्याची आहे, बसायला जागासुद्धा मिळते. जेएनपीटीत, ओएनजीसीत, कंटेनर यार्डांत काम करणाऱ्याने तर इथेच राहावं. फोर्टवाल्याने मात्र आधी आठवडाभर नातेवाइकाकडे राहून रोज जाऊन-येऊन बघावं, आणि त्यात एक अमावास्या यायलाच हवी. भाच्याला मी हेच कळवलं. त्याचं उत्तर आलं: मावशी, सी-व्ह्यू आहे.

काकींना हे सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. द्रोणागिरीतला सी-व्ह्यू त्यांना चांगला माहीत आहे. त्यांचे स्वतःचेच दोन फ्लॅट तिथे आहेत.

त्याची कथा मात्र हसण्यासारखी नाही. काकींच्या सासऱ्यांची भातशेती आणि मिठागराचा वाटा नवघरच्या अंगाला होता. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचं ठरलं, त्यात तीही गेली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. काकी तेव्हा नव्या नवऱ्या होत्या; त्या सांगतात की घरातली पुरुषमाणसं बाहेर आणि बायका त्यांच्याही पुढे. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. काकींच्या घराचा भूखंड हातात यायला इतकी वर्षं लागली की सासरे तो बघायला उरले नाहीत. मग तो बिल्डरला दिला, आणि बिल्डरने दोन फ्लॅट आणि काही पैसे दिले. जिथे भात लावला त्याच्या आसपास आता काकी चौथ्या आणि सातव्या मजल्याच्या मालकीण आहेत.

"तुझा भाचा माझाच फ्लॅट बघून आला असल," त्या म्हणाल्या. "सातव्यावरचा. एजंटच्या हातात चावी हाय."

"मग सी-व्ह्यू आहे की नाही?"

"न्हाणीघराच्या खिडकीतनं मान बाहेर काढली तर खारफुटी दिसते. रातचे बंदराचे दिवे दिसतात, क्रेन दिसतात. थंडीत पाणजेकडं रोहित उतरतात, ते बी दिसतात. समुद्र नाय दिसत. समुद्र घरात येतो मात्र."

ही गोष्ट किनाऱ्यावर घर बघणाऱ्यांना कोणी सांगत नाही. खारा वारा चोवीस तास घरात राहतो आणि भाडं देत नाही. ग्रिल दोन पावसाळ्यांत सोलून निघतं, बिजागऱ्या कुरकुरतात, एसीचं बाहेरचं युनिट गंजून जातं, पंख्याच्या दांड्यावर तांबूस बुकटी धरते. आणि पश्चिमेची भिंत. पावसाची झड तिथूनच येते, म्हणून घर बघायला गेलं की आधी पश्चिमेच्या बेडरूमचा कोपरा बघावा. नवा रंग फक्त तेवढ्याच भिंतीला असेल तर ओळखावं. हात फिरवला आणि पांढरी पावडर लागली तर लोणा धरलाय, रंगाने तो जायचा नाही. भाड्याचं घर मे महिन्यात बघूच नये, जुलैत बघावं; मेमध्ये तर काय, गोठासुद्धा कोरडा असतो. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन यावं. एजंट म्हणेल किल्ली वॉचमनकडे आहे, वॉचमन म्हणेल सेक्रेटरीकडे आहे. तिथवर जायचंच.

काकींच्या सातव्यावर पश्चिमेला गळतं का? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. शेजारधर्म.

पाण्याचं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. द्रोणागिरीला सिडकोचं हेटवण्याचं पाणी येतं. उरण गावाला आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना एमआयडीसीचं रानसईचं. रानसई पावसाळ्यात भरून वाहतं तेव्हा पेपरात फोटो येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कपातीची बातमी येते. तेव्हा भाडं ठरवण्याआधी इमारतीच्या वॉचमनला बाजूला घेऊन विचारावं, पाणी किती वाजता सोडता आणि टँकर कधी मागवता. एजंटला विचारलं तर तो चोवीस तास म्हणतो. टाकीत चोवीस तास असतंही, नळाला नसतं.

"जुन्या उरणात का बघू नये घर?" मला सुचलं. बाजार जवळ, मोरा जवळ, मासळी जवळ.

काकींनी मान हलवली. जुन्या उरणच्या, केगावच्या, आसपासच्या कित्येक घरांवर नेव्हीच्या शस्त्रागाराचा सेफ्टी झोन आहे. करंज्याला त्यांचा डेपो. नवं बांधकाम करायचं म्हटलं की परवानगीचा घोळ, त्यामुळे जुनी कौलारू नाहीतर दोन मजली घरं तशीच राहिली. तिथे भाड्याने खोली मिळते, पण ती तोंडी ओळखीने. भाचा कुणाचा, कुठला, हे आधी ठरतं, भाडं नंतर. माझा भाचा म्हटल्यावर खोली मिळेलही. पण त्याला लिफ्ट हवीय, आणि तिघांत मिळून राहिलेल्याला स्वतःचं दार बंद करायची हौस असते, ती मी समजू शकते.

मग निघाला कागदांचा विषय, आणि इथे मात्र मी काकींना बोलू दिलं नाही. लग्नाआधी मी वकिलाकडे टायपिस्ट होते, लिव्ह अँड लायसन्सचे करार टाइप करून माझी बोटं झिजलीत.

"चौथ्यावरच्या भाडेकरूचा करार कुठे केला, काकी?"

"स्टँप पेपरवर केला की. पाचशेच्या. नोटरी केला. अकरा महिन्यांचा."

मी कुंपणावर डोकं टेकवायचीच बाकी होते. अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको, हा समज इतका जुना आहे की त्याला आता आजोबा म्हणायला हवं. मूळ केंद्राचा 1908 चा नोंदणी कायदा म्हणतो, वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी हवी. म्हणून लोकांनी अकरा महिने काढले. पण महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मला जेल?" काकींचा जवळा तसाच राहिला.

"जेल राहू द्या. त्याहून वाईट आहे. नोंदणी नसली आणि भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. तो म्हणाला भाडं पाच हजारच ठरलं होतं, तर?"

"तो तसा नाय. केरळचा हाय, बंदरात क्लिअरिंगला हाय. सणाला केळ्याचे वेफर आणून देतो."

"वेफर कोर्टात चालत नाहीत."

हिशेब मी तिथेच करून दाखवला, बोटांवर. समजा भाडं बारा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. अकरा महिन्यांचं भाडं एक लाख बत्तीस हजार. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते साडेचार हजारांच्या वर जातं. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क: चारशेच्याही आत. नोंदणी फी नगरपालिकेच्या हद्दीत हजार, ग्रामपंचायतीत पाचशे. आता हे ऑनलाइन होतं, माणूस घरी येतो, आधार आणि अंगठा घेतो, चहा पितो आणि जातो. त्याची मजुरी वेगळी, आणि खरा खर्च तोच. दुय्यम निबंधकाच्या बाकड्यावर दिवस घालवायचे दिवस गेले. उलट नोंदणीकृत करार असला तर मुदत संपूनही न हलणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट दराने पैसे मागता येतात, आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर खाली करून घेता येतं. नोटरीच्या कागदावर त्यातलं काही नीट होत नाही.

काकी गप्प. मग म्हणाल्या, "नि सोसायटीवाले दर महिन्याला वेगळे पैसे घेतात, भाडेकरू ठेवला म्हणून. ते बी कायद्यात हाय का?"

"किती घेतात?"

त्यांनी आकडा सांगितला. सोसायटीचं नाव लिहीत नाही, शेजारपाजारचीच माणसं आहेत. पण 2001 पासून सरकारचा आदेश आहे की असं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे, पालिकेचा कर त्यात धरायचा नाही. काकींकडून घेतात ते त्याच्या कितीतरी पट. मी म्हटलं, अर्ज द्या. काकी म्हणाल्या, सेक्रेटरीची बायको भिशीत आहे. कायद्याचे हात लांब असतील, पण भिशीचे त्याहून लांब.

त्यानंतर काकींनी जे सांगितलं त्यावर आमचं अर्धा तास चाललं. म्हणजे त्या बोलल्या आणि मी हुंकार दिले. त्यांच्याच इमारतीसमोरच्या एका इमारतीत एजंट लोकांना सांगून ठेवलंय, भाडेकरू शाकाहारी हवा. एकट्या पोरी नकोत, एकटे पोरगे नकोत, आणि मासळी शिजवणारे तर अजिबात नकोत.

"द्रोणागिरीत!" काकींचा आवाज पार केगावच्या किनाऱ्यापर्यंत गेला असेल. "आमच्या शेतावर इमारत उभी, समोर करंज्याचं बंदर, नि म्हणतात बोंबलाचा वास येतो! वास कुणाच्या घरातनं येतो? वारा आणतो. वाऱ्याला सांगा!"

काकींनी सूड म्हणून काय केलं, तर स्वतःच्या फ्लॅटला अट घातली. एजंटला सांगितलं, सुकट चालत असल तोच भाडेकरू आण. चौथ्यावरच्या केरळवाल्याची निवड अशीच झाली म्हणे. मुलाखतीत त्याने मत्तीचं नाव काढलं, ती मत्ती म्हणजे आपलेच तारले हे कळलं, आणि काकींनी डिपॉझिटमधले पाच हजार कमी केले. करार नोंदवला असता तर आणखी बरं झालं असतं, एवढंच.

पोलिसांना तरी कळवलंय का, असं विचारलं तर हो म्हणाल्या. मुलाने नवी मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर भाडेकरूची माहिती भरलीय. बंदराचं गाव, रोज नवी माणसं. हे न करणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल होतात, ते काकींना पेपरातून माहीत होतं. पाचशेचा स्टँप मात्र पेपरात येत नाही.

"मग माझ्या भाच्याला सातवा देणार का?"

काकी एकदम घरमालकीण झाल्या. पदर खोचला. "भाडं बारा. एजंटला वगळू, त्याचं एक महिन्याचं भाडं तुझं वाचलं. डिपॉझिट पन्नास."

"चाळीस. आणि नोंदणीचा खर्च तुमचा. कायद्याने जबाबदारी तुमची आहे."

"जबाबदारी माझी, पैसे कशाला माझे? अर्धे-अर्धे."

"ठीक. पण पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी वॉटरप्रूफिंग."

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला कोणी सांगितलं पश्चिमेच्या भिंतीचं?"

मी जवळ्याकडे बघत म्हटलं, छान वाळलाय.

"बरं," त्या म्हणाल्या, "भिंत करते. पण माझी बी एक अट. चैतात द्रोणागिरी आईची जत्रा असते करंज्याला. माझ्या दोन्ही पोरी, जावई, नातवंडं येतात. ह्या घरात मावत नाय. तेव्हा दोन दिवस सातव्याचा हॉल लागल."

"काकी, लायसन्सच्या करारात हे कसं लिहायचं?"

"तू टायपिस्ट होतीस ना? तूच बघ. नि लिव, जावयांचा सकाळचा चहा भाडेकरूनं करायचा. साखर आमची."

भाच्याला मी मेसेज केला: लोणा, ओहोटी, हॉल आणि चहा. त्याने फक्त विचारलं, जावई किती?